डूम आणि स्टोनर रॉकचे अल्बम ‘एकसुरी’ का वाटतात आणि ते कसे ऐकावेत

तुमच्या प्रश्नाचा आशय थोडक्यात असा आहे. मित्रांच्या आग्रहावरून तुम्ही डूम आणि स्टोनर या जड, बहुधा संथ रॉकमधले, स्लीप या बँडचा ‘डोपस्मोकर’, इलेक्ट्रिक विझर्डचा ‘डोपथ्रोन’ आणि कायसचा ‘वेलकम टू स्काय व्हॅली’ असे तीन अल्बम लोकलच्या प्रवासात मोबाइलवर ऐकलेत. तिन्ही तुम्हाला सारखेच, संथ आणि कंटाळवाणे वाटले. तरीही हे मित्र या अल्बमांविषयी एवढ्या जिव्हाळ्याने का बोलतात, हे तुम्हाला समजून घ्यायचे आहे. शिवाय ‘डोपस्मोकर’ची रेकॉर्ड साडेचार हजार रुपयांना मिळते आहे, ती घ्यावी की नाही, असेही तुम्ही विचारले आहे, आणि ‘स्टोनर’ या नावामुळे हे संगीत नशेशिवाय कळते का, अशी शंकाही तुम्हाला पडली आहे.

मी गेली वीस वर्षे पुण्यात ध्वनिमुद्रणाचे आणि कार्यक्रमांच्या ध्वनिव्यवस्थेचे काम करतो. या प्रकारचे संगीत वाजवणारे बँड आपल्याकडे मोजकेच आहेत, पण त्यांतल्या काहींसोबत मी काम केले आहे आणि हे अल्बम मी स्वतः मनापासून ऐकतो. त्या अनुभवावरून मला वाटते की तुमची अडचण आवडीनिवडीची कमी आणि ऐकण्याच्या परिस्थितीची जास्त आहे. मात्र एक गोष्ट आधीच मान्य करतो. तुमचे हेडफोन कसे आहेत, घरात आवाज वाढवता येतो का, आणि सलग पाऊण तास मोकळा मिळतो का, यावर पुढचे बरेच काही अवलंबून आहे. हे सगळे जुळून आल्यावरही एखाद्याला हे संगीत आवडले नाही, तर त्यात त्याचे काही चुकले असे मी मानणार नाही.

आधी लोकलचा विचार करू. नेहमीच्या जुळणीतल्या (ट्यूनिंगमधल्या) गिटारची सर्वांत जाड तार सुमारे 82 हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला 82 कंपनांवर वाजते. कायसच्या जॉश होमने गिटार चार अर्धस्वर खाली, म्हणजे ‘सी’वर उतरवून वाजवली, तेव्हा तीच तार 65 हर्ट्झच्या आसपास येते आणि बेस गिटारची सर्वांत खालची तार 33 हर्ट्झच्या जवळ जाते. मोबाइलच्या स्पीकरमधून 200 हर्ट्झच्या खाली जवळजवळ काहीच बाहेर पडत नाही. इअरफोन त्याहून बरे असतात, पण ते कानात नीट घट्ट बसले नाहीत तर सर्वांत आधी खर्जच गळून जातो. त्यात लोकलचा स्वतःचा खडखडाट आणि घरघर बहुतांशी खालच्याच पट्टीतली असल्याने, उरलेसुरले खालचे स्वरही त्याच्याखाली दबून जातात. आपला मेंदू अनुस्वरांवरून, म्हणजे मूळ स्वरासोबत वाजणाऱ्या वरच्या सूक्ष्म स्वरांवरून, मूळ स्वराचा अंदाज बांधतो, त्यामुळे रिफ (पुन्हापुन्हा येणारी गिटारची छोटी स्वरावली) कोणता आहे हे तुम्हाला कळले असणार, परंतु त्याचे वजन तुमच्यापर्यंत पोचलेच नाही. या संगीताच्या रचनेत त्या वजनाला फार मोठे स्थान आहे. ते काढून घेतल्यावर जे उरते, ते खरोखरच एकसुरी असते, आणि तुम्ही प्रामाणिकपणे तेच नोंदवले आहे.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. या कामात नवा असताना एका छोट्या सभागृहात अशाच एका बँडचा ध्वनी मी सांभाळत होतो. गिटारच्या वाहिनीवर 100 हर्ट्झच्या खालचे सारे छाटून टाकण्याची आमच्या धंद्यात सर्रास सवय असते, कारण एरवी तिथे नुसता गोंगाट असतो आणि तो बेस व किक ड्रमच्या आड येतो. मीही सवयीने ते बटण दाबले. पहिल्या गाण्यानंतर गिटारवादक माझ्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, “दादा, माझी गिटार कंबरेपासून खाली गायब आहे.” मी छाटणी 45 हर्ट्झवर आणली, बेसला थोडे बाजूला सरकवून जागा करून दिली, आणि पुढच्या रिफला पहिल्या रांगेतली माणसे अक्षरशः अर्धे पाऊल मागे सरकलेली मी पाहिली. वाद्ये, वादक आणि रचना त्याच होत्या. बदल फक्त त्या एका सप्तकाचा झाला होता.

आता त्या खरखरीत, केसाळ आवाजाविषयी, ज्याला या वर्तुळात सगळे ‘फझ’ म्हणतात. आपल्या कानाला त्याची सर्वांत जवळची ओळख तानपुऱ्यातून होते. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी लावली, की तार घोडीला निसटता स्पर्श करत राहते आणि एकाच स्वरातून अनुस्वरांचे झुबके उमलू लागतात. फझची पेटी, म्हणजे गिटारवादकाच्या पायाशी असणारे छोटे यंत्र, तेच काम विजेच्या मार्गाने करते. संकेताच्या लाटेचे माथे ती कापून सपाट करते आणि त्या कापण्यातून मूळ स्वरावर नवे अनुस्वर चढत जातात. 1969 च्या सुमारास न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्सने आणलेली ‘बिग मफ’ ही पेटी आजही या संगीतात घरोघरच्या पाटा-वरवंट्यासारखी आहे. जवारी कशी खुलली आहे यावरून तानपुरा ओळखणारी माणसे आपल्याकडे असतात, तशीच इकडची मंडळी फझचा पोत ऐकून बँड ओळखतात. ‘टोन’ या एका शब्दावर ते तासभर बोलतात, ते उगाच नव्हे.

फझ आणखी एक गोष्ट करते, आणि माझ्या मते जडपणाचे खरे मर्म तिथे आहे. षड्ज आणि पंचम एकत्र वाजवले, म्हणजे ‘सी’च्या जुळणीत 65 आणि 98 हर्ट्झ, तर विकृत झालेल्या ध्वनीत त्या दोहोंच्या फरकाचा, सुमारे 33 हर्ट्झचा, एक तिसरा स्वरही तयार होतो. तो षड्जाच्या बरोबर एक सप्तक खाली असतो आणि बेस गिटारची मोकळी तार नेमकी तिथेच उभी असते. दोन वाद्ये मिळून एकच अजस्र वाद्य वाजते आहे असा जो भास होतो, त्यामागे हे साधे गणित आहे. म्हणूनच या रचनांत साधे दोन स्वरांचे कॉर्ड इतके पुरेसे ठरतात. या फझमधून गुंतागुंतीचे कॉर्ड वाजवले, तर असे फरकाचे स्वर एकमेकांत अडकतात आणि नुसता चिखल होतो.

हा सारा शोध कुणी ठरवून लावला नाही, तो एका अपघातातून आला. बर्मिंगहॅममधल्या टोनी आयोमी याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यातल्या यंत्रात गेली, आणि तो त्याच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता. तो डावखुरा असल्याने तारा दाबण्याचा हात तोच. दोन बोटे निकामी होऊनही वाजवत राहिलेल्या जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टची रेकॉर्ड कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला ऐकवली, तेव्हा त्याने पुन्हा उभारी धरली, प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे बनवली आणि हलक्या तारा लावल्या. त्याच्या ब्लॅक सॅबथ या बँडचा पहिला अल्बम 13 फेब्रुवारी 1970 रोजी आला. त्यात गिटार खाली उतरवलेली आहे असे अनेकांना वाटते, पण तो नेहमीच्या जुळणीतच आहे. तिथला काळोख षड्ज आणि तीव्र मध्यम यांच्यातल्या अस्वस्थ अंतरातून आणि संथ चालीतून येतो. तारा तीन अर्धस्वर खाली सोडण्याचा प्रयोग 1971 च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’त ठळकपणे दिसतो. तारा सैल झाल्याने बोटांवरचा ताण कमी झाला आणि आवाजाला तळ मिळाला. पुढच्या पन्नास वर्षांतले या प्रकारचे बहुतेक अल्बम त्याच वाटेने आले आहेत.

येथवर ध्वनीची बाजू झाली: खर्ज, फझ आणि खाली सोडलेल्या तारा. दुसरी बाजू काळाची आहे, आणि ऐकणाऱ्याची खरी परीक्षा तिथे लागते.

नवीन श्रोता रिफची सुरुवात ऐकतो, तो ओळखीचा झाला की पुढच्या रिफची वाट पाहू लागतो, आणि तो आला नाही की कंटाळतो. मी तुम्हाला सुचवेन की आघाताकडे कान न लावता आघातानंतर काय उरते तिकडे लावा. लय संथ असल्याने प्रत्येक स्वराला विझायला दोन-दोन सेकंद मिळतात, आणि त्या विझण्यात बरेच काही घडते: फझ विरळ होते, अनुस्वर एकेक करून गळतात, बेस मागे रेंगाळतो, झांजेचा झणत्कार वर तरंगत राहतो. एका बँडचे ध्वनिमुद्रण करताना बेसची मोकळी तार वाजली, की कुणी हात न लावताही स्नेअर ड्रमच्या खालच्या तारा थरथरायच्या. मी तो आवाज काढून टाकण्याच्या खटपटीत होतो. ड्रम वाजवणाऱ्या मुलीने मला थांबवले आणि तो राहू द्या म्हणून सांगितले, कारण तिच्या मते त्या थरथरीवरूनच खोली किती भरली आहे हे कळत होते. तो तुकडा मी आजही ऐकतो. दोन आघातांच्या मध्ये ती बारीक कुरकुर ऐकू येते आणि तिच्यामुळे पुढच्या आघाताची वाट पाहावीशी वाटते. तुम्ही विलंबित ख्याल ऐकत असाल, तर हे वेगळे समजावण्याची गरज नाही. बंदिशीचा मुखडा शंभर वेळा येतो म्हणून कुणी तक्रार करत नाही, कारण समेवर येण्याची रीत दर आवर्तनात निराळी असते. इथे राग नाही आणि त्या प्रकारची बढतही नाही, हे खरे आहे; पण पुनरावृत्तीकडे पाहण्याची जी सवय तिथे लागते, ती इथे उपयोगी पडते.

आता तुमच्या तीन अल्बमांकडे येतो, कारण ते मुळीच सारखे नाहीत.

‘वेलकम टू स्काय व्हॅली’ 1994 चा आहे. कायसची मुले कॅलिफोर्नियातल्या पाम डेझर्टची. आसपास गाणी वाजवायला जागा नव्हत्या, म्हणून ती वाळवंटात जनरेटर नेऊन तिथे वाजवत. भिंती नसलेल्या जागी आवाज परतून येत नाही, तो निघून जातो, आणि तो अंगावर यावा म्हणून लागणारा भरणा वाद्यातूनच काढावा लागतो. होमने गिटार बेसच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून वाजवली, त्यातून तो रुंद, वाळूसारखा आवाज तयार झाला. मात्र या अल्बमाचा जीव त्याच्या झुलत्या तालात आहे. तो तुम्ही ‘संथ’ यादीत टाकलात, पण त्यातल्या अनेक जागा चांगल्याच वेगाने धावतात. मूळ सीडीवर दहा गाणी तीन सलग भागांत जोडलेली होती, म्हणजे मधले एखादेच गाणे उचलून ऐकण्याची सोय मुद्दाम काढून घेतली होती. तुमच्या मोबाइलवर ती बहुधा सुटी झाली असतील आणि उलटसुलट क्रमाने वाजली असतील. क्रमाने, न थांबता ऐका. स्टोनर रॉक म्हणतात ते प्रामुख्याने हे: ब्लूजचा पाया, मोकळा ताल, ऊन आणि धूळ.

‘डोपथ्रोन’ 2000 चा, इंग्लंडच्या डॉर्सेटमधल्या बँडचा. इथे तो मोकळा ताल जवळजवळ नाही. आवाज मुद्दाम घाणेरडा ठेवला आहे, गायकाचा स्वर गिटारींच्या मागे कुठेतरी गाडला आहे आणि सगळे एका बंद खोलीत घडते आहे असे वाटते. हा डूम, आणि त्यातलाही सर्वांत विखारी. सुरुवातीला हा अल्बम हाती देणाऱ्या मित्राने तुमच्यावर थोडा अन्यायच केला, असे मला वाटते. चाहत्यांचे त्यावर एवढे प्रेम का, हे कळायला आधी साध्या, स्वच्छ डूमची ओळख लागते. त्यासाठी स्वीडनच्या कँडलमासचा 1986 चा पहिला अल्बम ऐका. तिथे गायक खुल्या गळ्याने गातो आणि संथ लयीतली भव्यता लगेच जाणवते.

‘डोपस्मोकर’ हे एकच गाणे आहे, 63 मिनिटांचे. गायकाचा आवाज लागण्याआधीच आठएक मिनिटे निव्वळ वादन चालते. शब्दांत एक काफिला वाळवंटातून नाझरेथकडे निघालेला आहे आणि रिफ त्याच्या पावलांनी चालतो. ही चाल समजली की संथपणा खटकत नाही. या अल्बमाविषयीच्या आस्थेला त्याचा इतिहासही कारण आहे. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या स्लीपमधल्या तिघांनी मोठ्या कंपनीशी करार केला, 1996 मध्ये हे गाणे ध्वनिमुद्रित केले आणि कंपनीने ते प्रसिद्ध करायला नकार दिला. टेपच्या एका रिळावर एवढे लांब गाणे मावत नसल्याने ते भागाभागांत वाजवून जोडावे लागले होते, म्हणजे तासाभराची रचना तिघांना पाठ करून, तुटलेल्या टोकापासून त्याच ताकदीने पुन्हा उचलावी लागत होती. बँड मोडला. 1999 मध्ये ‘जेरुसलेम’ या नावाने 52 मिनिटांची आवृत्ती आली, 2003 मध्ये ‘डोपस्मोकर’ या नावाने पूर्ण लांबीची आली, आणि या काळात हे गाणे मुख्यतः चाहत्यांनी एकमेकांना दिलेल्या प्रतींतून जिवंत राहिले. विकण्याजोगे नाही म्हणून बाजूला सारलेली गोष्ट ऐकणाऱ्यांनी वर्षानुवर्षे सांभाळली, म्हणून ते तिच्याबद्दल घरच्या माणसाविषयी बोलावे तसे बोलतात. तुमच्या मित्रांच्या स्वरातला जिव्हाळा तिथून येतो, आणि तो मला फार मोलाचा वाटतो.

याच बँडच्या दोघांनी पुढे ‘ओम’ सुरू केला. त्या बँडच्या 2012 च्या ‘अद्वैतिक साँग्ज’ या अल्बमाची सुरुवातच महामृत्युंजय मंत्राने होते आणि पुढे तबला व चेलो येतात. तुमच्या कानांना हा दरवाजा अधिक सोपा जाईल, कारण त्यात फझ कमी आणि घोष जास्त आहे. आपल्या देशातले ऐकायचे असेल तर बंगळूरच्या बेवर सी या बँडपासून सुरुवात करा. नाव मोठ्याने म्हटलेत तर आपला ‘बेवारशी’ हा शब्द लगेच कानावर पडेल. आणि मुंबईचा डर्ज ऐका. त्यांच्या 2018 च्या ‘आह पूच’ या अल्बमात फझला चिखलाची खोली आहे.

‘स्टोनर’ या नावामुळे तुम्हाला पडलेली शंकाही दूर करतो. नाव गांजावरून आले आहे आणि बऱ्याच अल्बमांचा विषयही तो आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. पण हे संगीत कळण्यासाठी त्याची अजिबात गरज नाही. आपल्याकडे गांजा बाळगणे हा गुन्हा आहे, आणि मी स्वतः हे सर्व संगीत चहावर ऐकले आहे.

प्रत्यक्ष कसे ऐकावे, तर असे. कान पूर्ण झाकणारे, तार असलेले साधे हेडफोन घ्या; तीन-चार हजारांत पुरेसे चांगले मिळतात. खर्ज वाढवणारी सगळी बटणे बंद ठेवा, कारण ती 100 हर्ट्झच्या आसपास फुगवटा आणतात आणि खालचा तपशील झाकतात. पहिल्या संध्याकाळी ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’ ऐका आणि त्यात बिल वॉर्डच्या ड्रमकडे लक्ष द्या. तो जॅझ ऐकत वाढलेला वादक आहे, आणि जड गिटारीखाली त्याचा ताल कसा झुलतो हे एकदा पकडलेत की पुढचे अल्बम सोपे होतात. आठवड्याभराने ‘स्काय व्हॅली’, त्यानंतर कँडलमास, मग ‘डोपथ्रोन’, आणि तासभर कुणी हाक मारणार नाही अशा रात्री ‘डोपस्मोकर’. मध्ये मन भरकटले तर भरकटू द्या. रिफ तुम्हाला पुन्हा गाठतो.

आवाज किती ठेवावा याबाबत मात्र मी कडक आहे. कामाच्या ठिकाणच्या आरोग्याचा प्रचलित निकष 85 डेसिबलला आठ तास असा आहे आणि दर 3 डेसिबलला ती मुदत निम्मी होते, म्हणजे 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटे. या बँडचे प्रत्यक्ष कार्यक्रम 110 च्या घरात सहज जातात, तिथे ही मुदत दीड मिनिटावर येते. कार्यक्रमाला जाताना कानात बोळे घालाच. चांगले बोळे वरचा कर्कशपणा कमी करतात आणि खर्ज तर छातीतूनही कळतोच, त्यामुळे गमावण्यासारखे काही नाही. माझ्या डाव्या कानात कायमची बारीक शिट्टी आहे, म्हणून हे इतक्या आग्रहाने सांगतो आहे.

राहिला रेकॉर्डचा प्रश्न. खर्जाची लाट रेकॉर्डवर रुंद खाच मागते, त्यामुळे जड ध्वनीची एका बाजूची मर्यादा वीस-बावीस मिनिटांची असते. 63 मिनिटांचे सलग गाणे तीन बाजूंवर तरी तुटणारच, आणि काफिला चालता चालता दोनदा थांबवून तुम्हाला उठून रेकॉर्ड उलटावी किंवा बदलावी लागणार. संग्रह म्हणून, त्या मुखपृष्ठासाठी, ती हवी असेल तर जरूर घ्या. ऐकण्यासाठी घेत असाल तर सध्या घेऊ नका, डिजिटल आवृत्ती अखंड आहे. तेच पैसे हेडफोनला घाला. उरले तर ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’ची रेकॉर्ड घ्या. ती सुमारे 34 मिनिटांची आहे, दोन बाजूंवर ऐसपैस बसते, आणि पहिल्या बाजूच्या सुरुवातीला खोकल्याचा जो आवाज येतो तो रेकॉर्डमधला दोष नाही, आयोमीचाच खोकला आहे. दुकानदाराकडे परत नेऊ नका.